आरूला वाचता येत नाही

"आई, राग मानू नका, पण तुम्ही नको," प्रणिता म्हणाली.

मी मागच्या खोलीत सतरंजी अंथरून बसले होते. पुढ्यात मोठी परात, परातीत ज्वारी पसरलेली. खिडकीखाली धुऊन पुसलेली पाटी. जूनमधली सकाळ होती, शाळा नुकत्याच उघडल्या होत्या आणि आमच्या घरातली शाळाही त्याच दिवशी सुरू होणार होती. मी अंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून तयार होते. मला कुणी बोलावलं नव्हतं, हे मात्र तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"नको म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे आरूला मीच शिकवणार. ठरलंय माझं."

"अगं, तू कर की बाकीचं सगळं. मी नुसतं वाचायला शिकवते. पहिलीचं वाचन म्हणजे माझा हातखंडा..."

"तेच ना, आई." ती दारातच उभी होती, आत आली नाही. "तुम्ही बसलात की ती शाळा होते. पाटी आली, परात आली, बाई आल्या. तिला शाळेतून सोडवून आणलंय आत्ताच. परत शाळेत नाही बसवायचं मला."

तिच्या मागे आरू उभी होती, आईच्या ओढणीचा शेव मुठीत धरून. सहा वर्षं उलटून गेलेली पोर. पण तोंडात बोट. तिनं परातीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ती आईच्या मागे सरली.

मी परात उचलली आणि ज्वारी डब्यात ओतली.

इचलकरंजीत मगदूम बाई म्हटलं की अजून पुष्कळ लोक पहिलीची बाई म्हणून ओळखतात. नगरपालिकेच्या शाळेत मी उभा जन्म पहिलीच घेतली. बढती आली तेव्हाही वरचा वर्ग मागितला नाही. ज्वारीत बोट फिरवून अक्षर गिरवायला लावायचं ही माझी रीत. हाताला अक्षर कळलं की ते डोळ्याला कळतं. यंत्रमागावर काम करणाऱ्यांची पोरं, ज्यांच्या घरात कागद म्हणून नव्हता, तीसुद्धा माझ्याकडे दिवाळीपर्यंत वाचायची. बाजारात अजून कुणी मिशीवाला बाप्या पाया पडतो आणि म्हणतो, "बाई, तुम्ही शिकवलेला ग अजून तसाच काढतो बघा."

आणि माझी एकुलती एक नात माझ्याच घरात, माझ्या खोलीच्या पलीकडच्या खोलीत शिकणार होती. दुसऱ्या कुणाकडून तरी.

झालं होतं असं. आरूला लांबच्या एका इंग्रजी शाळेत घातलं होतं. तेव्हाही मला कुणी विचारलं नव्हतं. सकाळी व्हॅनचा हॉर्न वाजला की तिचं पोट दुखायचं. आधी आम्हाला वाटलं, नाटक आहे. मग उलट्या व्हायला लागल्या. एके दिवशी वर्गात लघवीला जायचं इंग्रजीत सांगता येईना म्हणून तिला बसवून ठेवलं, आणि व्हायचं ते झालं. सगळी पोरं हसली. त्या दिवसापासून ती घरातसुद्धा चार शब्दांवर पाचवा बोलेना. प्रणिता कोल्हापूरला एका ऑफिसात होती, चांगल्या जागेवर. तिनं नोकरी सोडली आणि सांगितलं, पोर घरी शिकेल.

माझा मुलगा अभिनंदन घाबरला. त्याचं माग चालवणं बरं, त्यातल्या अडचणी त्याला कळतात. ही अडचण नवी होती. घरातली शाळा सुरू झाली त्याच संध्याकाळी, आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं होतात तशी जेवणं होऊन, आरू गच्चीवर गेल्यावर त्यानं विषय काढला.

"हे बघ, मी नाही म्हणत नाही," तो प्रणिताला म्हणाला. "पण लोक काय म्हणतील ते जाऊ दे, मलाच झोप येत नाही. कायतरी मुदत ठरवू. दिवाळीचा पाडवा. त्या दिवशी मी दुसरीचं पुस्तक तिच्या हातात देणार. एक पान वाचलं तर तुझं तू पुढं चालव, मी परत तोंड उघडणार नाही."

"आणि नाही वाचलं तर?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तर दिवाळीनंतर आईच्या हाताखाली. जूनमध्ये परत शाळा. आणि तू ऑफिसला."

प्रणितानं ताटातल्या खरकट्यावर बोट फिरवलं. "चालेल. पण हे तिला सांगायचं नाही. कुणीच नाही. पाडव्याला परीक्षा आहे म्हणून कळलं ना, तर उद्यापासून परत पोट दुखणार."

"नाही सांगत," अभी म्हणाला.

"आई?"

"मी कशाला सांगू?" मी म्हटलं आणि ताटं उचलली. मोरीत ताटं ठेवताना माझ्या मनात हिशेब झालाही होता. ही पोर दिवाळीला वाचणार नाही. मग ती माझीच.

पहिला आठवडा तर बघण्यासारखा झाला. शाळा नको म्हणणाऱ्या बाईनं भिंतीवर वेळापत्रक लावलं, रंगीत. नऊला भाषा, दहाला गणित, अकराला खाऊ. मोबाइलमध्ये घंटा लावली. तिसऱ्या दिवशी घंटा वाजली तशी आरूनं पोट धरलं. मी माझ्या खोलीत बसून सुपारी कातरत होते. कातरता कातरता मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण चौथ्या दिवशी भिंत मोकळी होती. वेळापत्रक केराच्या डब्यात. मायलेकी गच्चीवर पालथ्या पडून मुंग्यांची रांग बघत होत्या. मग रोज नवीनच. गच्ची वितींनी मोजली. घराखालच्या अभीच्या मागांच्या शेडमधला कापसाचा कचरा ओला करून त्यात हरभरे पेरले. घरापासून बाजारापर्यंतचा नकाशा काढला, त्यात चौकातला कुत्रासुद्धा. आरू बोलायला लागली. आधी हळू, मग भांडण्याइतकी. दुपारी जेवणं झाली की प्रणिता भिंतीला टेकून बसायची, आरू तिच्या मांडीत, आणि ती गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवायची. तेच पुस्तक, त्याच गोष्टी, परत परत. अक्षर म्हणून एक शिकवायची नाही.

खालून मागांची खटखट चालू असायची. मी दाराआडून बघायची. आरूची मान आईच्या खांद्यावर, एक पाय हलत असलेला. मला मांडीत बसलेलं मूल कधी मिळालं नाही. माझ्यासमोर मुलं ओळीत बसायची.

शेजारच्या चौगुलेकाकी जिभेच्या तिखट. जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "काय बाई, गावाला शिकवलं, आणि घरात तुमच्याच तोंडाला पट्टी होय? शाळा आत आणि बाई भाईर!"

"चालायचंच," मी म्हणायची.

"मग पोरगी वाचाय लागली का नाही?"

प्रणिता असली तर पटकन उत्तर द्यायची. "वाचायला लागली की घालू की शाळेत, काकी. घाई काय आहे?" हे उत्तर तिनं पाठच करून ठेवलं होतं. काकींना तेच, माझ्या नणंदेला तेच, लग्नात भेटलेल्या कुणा आत्याबाईंनाही तेच. तेवढं म्हटलं की लोक गप्प बसायचे. आरू शेजारी उभी असायची, आईचं बोट धरून.

दिवाळी जवळ आली. प्रणिता शिंप्याकडे गेली होती. मी आणि आरू पायरीवर बसून शेंगा फोडत होतो. शेडसमोर सुताची बिमं, म्हणजे सूत गुंडाळलेले मोठे रूळ, घेऊन टेम्पो उभा होता. माल उतरवून झाला, हमाल चहाला गेले. टेम्पोच्या मागच्या फळीवर पिवळ्या रंगात लिहिलं होतं, "सावकाश बाळा, सासू घरीच आहे."

आरू खुदकन हसली.

"काय गं?"

"काही नाही."

"हसलीस का?"

"असंच." तिनं एक दाणा तोंडाशी नेला, आणि किडका आहे हे कळल्यावर खाली ठेवला.

मी टेम्पोकडे पाहिलं. रस्त्यावर कुत्रं नव्हतं की माणूस. हसण्यासारखं तिथं ती एकच ओळ होती. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मी आयुष्यभर वाचू लागलेली मुलं पाहिली आहेत. ज्याला वाचता येतं त्याला समोरची ओळ न वाचता राहताच येत नाही. तोंड बंद ठेवता येतं, डोळे नाही.

तिला घेऊन मी स्वयंपाकघरात आले. चकलीची भाजणी परातीत काढली होती. "ये, मळायला घेऊ," म्हटलं. तिला माझ्या समोर, भिंतीला पाठ करून बसवलं. मग पीठ सारखं केलं आणि बोटानं त्यात लिहिलं, तिला सरळ दिसेल असं: तुझ्या मागे पाल आहे.

"आई गं!" आरू उडी मारून माझ्या गळ्यात पडली. परात हलली, पीठ सांडलं. तिनं मागे वळून पाहिलं. भिंत स्वच्छ होती. मग तिनं पिठाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि तिला कळलं.

"आज्जी, तू लबाड आहेस."

"मी? आणि तू कोण?"

ती माझ्या मांडीतच बसून राहिली, बहुतेक पाय जमिनीवर टेकवायची अजून भीती वाटत होती म्हणून. तिचं अंग गरम होतं. मी हलले नाही.

"कधीपासून येतंय?"

"गणपतीच्या आधी."

"जोडाक्षरंसुद्धा?"

"ती काय. गोष्टीत असतात की. आई बोट फिरवते ना वाचताना. मी बोटाच्या मागनं जाते." मग तिला आठवून हसू आलं. "दुपारी आईला झोप येते. मग ती ओळ सोडते. मी तिचं बोट उचलून बरोबर ओळीवर ठेवते. तिला कळतच नाही!"

"मग आईला का नाही सांगितलंस?"

हसू गेलं. "नाही सांगायचं."

"का?"

"आई सगळ्यांना सांगते. वाचायला लागली की शाळेत घालू. काकींना पण सांगितलं. मग मी वाचतच नाही. म्हणजे घालणार नाहीत." तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, हाताला भाजणी लागलेली. "तू पण सांगू नको आज्जी. सांगणार नाहीस ना?"

"नाही," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की. मी नाही सांगणार."

ती उठली आणि पीठ गोळा करायला लागली. मी तशीच बसून राहिले. माझ्याकडची मुलं वाचता यायला लागलं की वर्गातून ओरडत बाहेर पळायची. घरी जाऊन बापाला वर्तमानपत्राचा चिटोरा वाचून दाखवायची. पहिलीतून दुसरीत जायची त्यांना कोण घाई असायची. कुणी, कधी, माझ्याजवळच राहता यावं म्हणून आलेलं अक्षर लपवलं नव्हतं. आणि प्रणिताला, जिनं एक ग शिकवला नाही, जिला वाचता वाचता झोप लागते, तिला हे मिळालं होतं. तिला माहीतसुद्धा नव्हतं.

माझ्या छातीत जे जळलं ते अजून आठवतं. आज आरू माझ्यापेक्षा उंच आहे, पण ते तसंच्या तसं आठवतं.

आणि त्याच वेळी हेही कळत होतं की मला काही करायचंच नाहीये. खोटं बोलायचं नाही, काडी लावायची नाही. नुसतं दिलेल्या शब्दाप्रमाणे गप्प बसायचं. पाडव्याला आरू तोंड मिटून बसणार. पाडव्यानंतर आरू माझी.

त्यानंतर प्रणिता कासावीस व्हायला लागली. दुपारच्या पुस्तकात मध्येच थांबून ती विचारायची, "हे काय लिहिलंय गं?" आरू म्हणायची, "तू सांग." एकदा ती दारात आली. या वेळी आत आली, माझ्या सतरंजीवर बसली.

"आई," ती म्हणाली, "थोडंसं ग म भ न करून घ्याल का तिच्याकडून? ते ज्वारीचं?"

"आता?"

"मला वाटलं होतं, आपोआप येईल. नाही आलं." तिनं नखानं सतरंजीचा धागा ओढला. "चुकलंच माझं. तुम्ही म्हणत होतात तेव्हाच ऐकायला हवं होतं."

हे वाक्य ऐकायला मी जूनपासून थांबले होते. मनातल्या मनात कितीदा तिच्या तोंडी घालून पाहिलं होतं. आता ते आलं तर गोड लागेना.

"बसव तिला," मी म्हटलं.

आरू बसली, सरळ, मांडी घालून. मी परातीत ज्वारी पसरली. तिचं बोट धरलं. "हा ग. काना कसा येतो, बघ." बोट फिरवलं. "आता तू काढ."

तिनं ग उलटा काढला. अगदी मन लावून.

"असा नाही गं राणी. परत बघ."

तिनं दुसरा काढला, तोही उलटा; वर त्याला एक शेपूट. मग मान वर करून भोळेपणानं म्हणाली, "येत नाही आज्जी."

किती बेमालूम केलं तिनं! मला सोडून जगात कुणाला शंका आली नसती. आणि तेवढ्यात तिचे डोळे दाराकडे गेले. दारात प्रणिता उभी होती, तोंडाला पदर लावावा तशी ओढणी लावून. आरूचे डोळे तिच्या चेहऱ्यावर जाऊन थांबले, आणि त्यात काय होतं ते मी जवळून पाहिलं. आईला वाईट वाटतंय हे तिला कळत होतं. तरी ती ग उलटाच काढणार होती. आईसाठीच.

पुढेही रोज ज्वारीच्या परातीत असंच बोट फिरणार होतं. माझ्यासमोर सरळ बसलेली, हुशार, गोड पोर. आणि डोळे दाराकडे.

"राहू दे," मी म्हटलं. "पुरे आज."

पाडवा उजाडला. दिवाळीत माग बंद. एरवी त्या खटखटीत आम्ही मोठ्यानंच बोलतो. त्या दिवसांत कुणी हळू बोललं तरी ओरडल्यासारखं वाटतं. फराळ झाला. अभीनं पाडव्याची ओवाळणी म्हणून प्रणिताला साडी दिली, तिनं ती न उघडताच मांडीवर ठेवली. मग तो आत गेला आणि दुसरीचं पुस्तक घेऊन आला.

"आरू, ये इकडं. हे बघ काय आणलंय." त्यानं एक पान उघडलं. "वाचतेस?"

आरूनं पुस्तकाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं आढ्याकडे पाहिलं. शहाणी. डोळे ओळीवर गेले तर काय होतं, हे तिला भाजणीच्या परातीपासून कळलं होतं.

"येत नाही."

"एक ओळ. सोपी आहे."

"येत नाही, पप्पा."

"पहिला शब्द?"

"नाही येत."

अभीनं सुस्कारा सोडला. त्याला आनंद झाला नव्हता, हे सांगितलं पाहिजे. पुस्तक मिटून तो प्रणिताकडे वळला. "मग... ठरल्याप्रमाणे."

प्रणितानं मान हलवली. आरू आईकडे पळाली, साडी बाजूला ढकलून मांडीत शिरली. "आई, रडू नको ना. आपण गोष्ट वाचू. तू वाच, मी ऐकते."

अभी मला म्हणाला, "आई, सोमवारपासून बसवशील?"

झालं. मी काही केलं नव्हतं आणि सगळं माझ्या पदरात आलं होतं. हो म्हणायचं तेवढं बाकी होतं.

"अभी," मी म्हटलं, "काय ठरलंय ते हिला सांग."

"कुणाला? आरूला?" त्यानं प्रणिताकडे पाहिलं. "अगं, तिला सांगायचं नाही असं..."

"हिच्याबद्दलच ठरलंय ना? मग हिला सांग. माझ्यासमोर सांग."

"आई, कशाला आता," प्रणिता कशीबशी म्हणाली. "घाबरेल ती."

"घाबरू दे."

अभी गुडघ्यावर बसला. बिचाऱ्याला असलं बोलायची सवय नाही. "आरू, म्हणजे काय आहे... दिवाळी झाली की आज्जी शिकवणार तुला. आज्जी किती छान शिकवते, गावाला माहीत आहे. आणि मग जूनमध्ये शाळा."

"आणि आई?"

"आई ऑफिसला जाईल परत."

आरू मांडीत ताठ झाली. "पण मी वाचलं नाही! मला येत नाही! येत नाही तर कशाला शाळा?"

"येत नाही म्हणूनच, बाळा."

"आणि येत असतं तर?"

"येत असतं तर आईच शिकवणार होती. घरीच. तसंच ठरलं होतं."

ती बापाकडे बघत राहिली. मग तिनं आईकडे पाहिलं. आई डोळे पुसत होती. मग ती माझ्याकडे वळली. त्या खोलीत तिचं गुपित मला एकटीला माहीत होतं, आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं, हे तिनं आत्ताच पाहिलं होतं.

"आज्जी, पप्पा खरं बोलतात?"

"खरं," मी म्हटलं.

तिनं मांडीतून हात लांब केला आणि बापाच्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं. पान सापडेना म्हणून भलतंच उघडलं.

"गावाबाहेर डबक्यात एक म्हैस बसली होती. तिला उठायचा कंटाळा आला होता. तिच्या पाठीवर एक बगळा येऊन बसला आणि म्हणाला, मावशी, तुझं घर कुठं आहे?"

ती भरभर वाचत होती, घाईनं, जणू कुणी पुस्तक काढून घेईल. पण पूर्णविरामाशी थांबत होती, बगळ्याचा आवाज बारीक काढत होती, म्हशीचा जाड. पान उलटताना "हं" म्हणत होती. तो "हं" प्रणिताचा. तो बारीक आवाजही प्रणिताचा. मी डोळे मिटले असते तर माझी सून वाचतेय असंच वाटलं असतं. माझं त्या वाचण्यात काहीच नव्हतं. मी शोधलं.

अभी तसाच गुडघ्यावर, तोंड उघडं. प्रणितानं रडणं थांबवलं होतं.

गोष्ट संपली. आणि शेवटचा शब्द वाचून झाला तशी आरूनं मान वर केली. पहिल्यांदा सबंध वाचून झाल्यावर मूल अशी मान वर करतं. शिकवणाऱ्याच्या डोळ्यांत बघतं, आलं ना, म्हणून. तेवढ्या एका बघण्यासाठी मी पहिलीचा वर्ग सोडला नव्हता.

तिनं आईकडे पाहिलं.

"आता शाळा नाही ना, पप्पा?" मग ती म्हणाली.

"नाही," अभी म्हणाला. "नाही गं बाई. पण हे... हे कधी..."

"मग पुढची वाचू?"

मी स्वयंपाकघरात आले. चहाचं आधण ठेवलं. थोड्या वेळानं प्रणिता मागे येऊन उभी राहिली. साडी अजून तिच्या हातात होती, तशीच घडीची.

"तुम्हाला माहीत होतं, आई."

"होतं."

"तिनं सांगितलं?"

"पकडली मी. मग तिनं सांगितलं. वाचायला लागली की शाळेत घालू, असं तू जिन्यात सगळ्यांना सांगत होतीस. तिनं ते खरं धरलं."

प्रणितानं कपाळावर हात मारून घेतला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे माझ्यासाठी..."

"तुझ्यासाठी."

"तुम्ही नुसतं गप्प बसला असता तरी ती तुमच्याकडे आली असती. तुम्हाला हवी होती, मला माहीत आहे. सुरुवातीपासून माहीत होतं."

"आली असती की," मी म्हटलं. साखर टाकली. "आणि रोज माझ्यासमोर ग उलटा काढला असता. वाचता येणाऱ्या पोराला न येण्याचं शिकवत बसू होय मी, या वयात?"

ती हसली, डोळ्यांत पाणी असताना हसतात तशी. मला हसू आलं नाही. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो मी ठेवू दिला. बाहेरून आरूची हाक आली, "आई, ये ना! यात वाघ आहे!" आणि प्रणिता साडी ओट्यावर टाकून पळाली.

आधणाला उकळी फुटली होती, भांडं खळखळत होतं. त्या आवाजात बाहेरचं नीट ऐकू येईना. मी गॅस बंद केला.